बीबीसी मायक्रो घरी आला. आता त्यावर चालवायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये रीडिंगजवळ राहणाऱ्या एका वाचकांनी निवृत्त शिक्षकाकडून जुना बीबीसी मायक्रो, मॉडेल बी विकत घेतला आहे, म्हणजे एकॉर्न कंपनीचा १९८०च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर. सोबत सव्वापाच इंची ड्राइव्ह आणि फ्लॉप्यांचा डबा आहे. यंत्र चालू होतं. त्यांना त्यावर थोडंफार लेखन करायचं आहे, दहा वर्षांच्या मुलीला प्रोग्रॅमिंगची गोडी लावायची आहे, आणि जमलं तर मराठी अक्षरं पडद्यावर बघायची आहेत. एक विक्रेता त्यांना ‘हजार गेम्सचा संच’ आणि जुन्या रॉम चिप्सचा, म्हणजे आत प्रोग्रॅम कायमचा कोरलेल्या चिप्सचा, संच विकू बघतो आहे. घ्यावा का?

हजार गेम्सचा संच घेऊ नका. रॉमच्या संचाबद्दल पुढे बोलू, पण तोही आज नको. या यंत्रासाठी सॉफ्टवेअर निवडताना गेमचं नाव किंवा गुणांकन बघून काही कळत नाही. आधी विचारायचं की हा प्रोग्रॅम राहणार कुठे: रॉममध्ये, डिस्कवर की टेपवर, आणि तो आत आल्यावर तुमच्या कामाला जागा किती उरणार. एकूण रॅम, म्हणजे काम चालू असताना वापरायची मेमरी, ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर आलेला एक साधा फोटो त्यात मावत नाही. त्यामुळे हा प्रश्न दर वेळी विचारावाच लागतो.

त्याआधी विजेबद्दल दोन वाक्यं. या यंत्राच्या पॉवर सप्लायमध्ये विजेच्या मेन लाइनवर बसवलेले जुने फिल्टर कपॅसिटर असतात; त्यांच्या आवरणाला तडे जातात, ओल शिरते आणि एक दिवस घरभर उग्र वासाचा धूर होतो. ते बदलले आहेत का हे मास्तरांना विचारा, आणि नसतील तर हे काम येणाऱ्या माणसाकडून बदलून घ्या. पॉवर सप्लायचा डबा स्वतः हौसेनं उघडू नका. पुढेमागे यंत्र पुण्याला न्यायचं असेल तर व्होल्टेजची काळजी नाही, भारतातली वीज त्याला तशीच चालते, फक्त प्लग बदलावा लागेल.

आता यंत्रालाच विचारू. चालू केल्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’, खाली ‘एकॉर्न डीएफएस’ (डिस्क सांभाळणारा प्रोग्रॅम) आणि त्याखाली ‘बेसिक’ (यंत्रातली प्रोग्रॅमिंगची भाषा) असं आलं, तर यंत्राला डिस्क चालवता येते. मग ‘स्टार हेल्प’ टाइप करा, म्हणजे हेल्पच्या आधी तारांकनाचं चिन्ह. आत कोणकोणत्या रॉम बसवलेल्या आहेत त्याची यादीच येईल. शिक्षकाचं यंत्र आहे, त्यामुळे तिथे वर्डवाइज किंवा व्ह्यू या वर्ड प्रोसेसरचं नाव दिसलं तर मला नवल वाटणार नाही. जी चिप आधीच आत आहे ती विकत घेणारे लोक मी बरेच पाहिले आहेत. त्यानंतर ब्रेक दाबून ‘रिपोर्ट’ टाइप करा. १९८१ आलं तर बेसिकची पहिली आवृत्ती, १९८२ आलं तर दुसरी. दुसरी असलेली बरी, कारण पुढच्या काळातले अनेक प्रोग्रॅम तिच्यातल्या ज्यादा आज्ञा गृहीत धरतात. शेवटी ‘प्रिंट’, मग टिल्डाचं चिन्ह (~) आणि ‘पेज’. पेज म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमसाठी मोकळी रॅम जिथून सुरू होते ती जागा. उत्तर ‘ई००’ आलं तर रॅम खालपासून मोकळी आहे. ‘१९००’ आलं तर डिस्कच्या कारभारासाठी खालची पावणेतीन किलोबाइट जागा गेलेली आहे. तुमच्याकडे बहुधा १९०० येईल.

हे आकडे सोळाच्या मापातले आहेत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले, पण त्यांचा हिशेब एकदा नीट बघाच, पुढची सगळी निवड त्यावर ठरते. या यंत्रात पडद्यावरचं चित्र वेगळ्या मेमरीत राहत नाही, ते त्याच ३२ किलोबाइटमधून जागा घेतं. पडद्याच्या वेगवेगळ्या मांडण्यांना मोड म्हणतात. मोड ०, १ आणि २ प्रत्येकी २० किलोबाइट खातात. मोड ३ सोळा खातो. मोड ७, म्हणजे टेलिटेक्स्टचा (टीव्हीवर मजकूर दाखवायच्या जुन्या पद्धतीचा) चाळीस अक्षरी पडदा, फक्त १ किलोबाइटमध्ये भागवतो. छोट्या ओट्यावर आधी सगळी ताटं मांडली तर पोळी लाटायला जागा कुठून राहणार, तसं हे. डिस्क असलेल्या यंत्रावर मोड ७ मध्ये तुमच्या हाती २५,३४४ बाइट राहतात, मोड ३ मध्ये ९,९८४ आणि मोड ० मध्ये अवघे ५,८८८. एखादा चित्रकलेचा प्रोग्रॅम डिस्कवरून चढवायचा, तो स्वतः मोठा, आणि पडदा मोड ०चा, म्हणजे प्रोग्रॅमच बसणार नाही. ‘नो रूम’ असा निरोप येतो तो यामुळे. यंत्र बिघडलेलं नसतं.

म्हणूनच या यंत्रावर कामाचं सॉफ्टवेअर रॉममध्ये आलं. प्रोसेसरला एकूण ६४ किलोबाइटचा पत्ता कळतो: खालचे ३२ रॅमचे, वरचे १६ ऑपरेटिंग सिस्टिमचे, आणि मधल्या १६मध्ये बेसिक, डीएफएस, वर्डवाइज, जे काय असेल ते आळीपाळीनं समोर आणलं जातं. वर्ड प्रोसेसर त्या मधल्या जागेत बसला की रॅममधली जवळजवळ सगळी जागा तुमच्या मजकुराला मिळते. १९८०च्या दशकात इंग्लंडमधले लोक चिपसाठी चांगले पैसे मोजत ते उगाच नाही.

लेखनासाठी दोन नावं: कॉम्प्युटर कॉन्सेप्ट्सचा वर्डवाइज आणि एकॉर्नसॉफ्टचा व्ह्यू. या दोघांवरून त्या काळात लोक भांडत, आजही भांडतात. माझा कौल वर्डवाइजला. तो मोड ७ मध्ये लिहायला देतो, त्यामुळे वरच्या हिशेबानं इंग्रजीची बारा-तेरा पानं सहज मावतात. अक्षरं मोठी, ठळक, जुन्या टीव्हीवरही वाचता येतात. व्ह्यू ऐंशी अक्षरी पडद्यावर पान जसं छापून येईल तसं दाखवतो, पण मोड ३ मध्ये पाचेक पानांतच जागा संपते. शिवाय ऐंशी अक्षरं नीट दिसायला बऱ्यापैकी मॉनिटर लागतो. मास्तरांनी तुम्हाला मॉनिटर दिला नसेल आणि तुम्ही टीव्हीच्या अँटेनाच्या तारेवरून चालवत असाल, तर व्ह्यूचा विचारच सोडा. मागे सहा पिनांचा आरजीबी सॉकेट आहे, त्यातून स्कार्टमध्ये (टीव्हीच्या जुन्या जोडणीत) आणि मग कन्व्हर्टरनं आजच्या पडद्यावर चित्र आणता येतं. ते केलंत तर दोन्ही वापरून बघा.

वर्डवाइज वापरायला सोपा आहे. ‘स्टार डब्ल्यू’ आणि पूर्णविराम टाइप केलं की मेन्यू येतो, एस्केप दाबलं की लिहायचा पडदा. शीर्षक मधोमध हवं असेल तर लाल एफ१ की दाबायची, ‘सीई’ लिहायचं, एफ२ दाबायची. ही सूचना हिरव्या अक्षरांत दिसते आणि छापताना नाहीशी होते. मेन्यूमधला सातवा पर्याय पान कसं दिसेल ते दाखवतो. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे तो आठवा, स्पूल. त्या काळचा समांतर पोर्टवाला प्रिंटर आता शोधण्यात अर्थ नाही. स्पूल केलं की हिरव्या सूचना काढून स्वच्छ मजकूर फाइलमध्ये पडतो, ती फाइल आजच्या कॉम्प्युटरवर नेता येते. ओळीच्या शेवटच्या खुणा बदलाव्या लागतात, ते कुठलाही बरा टेक्स्ट एडिटर करतो.

आता रॉमच्या संचाचं. मॉडेल बीच्या बोर्डावर या मधल्या जागेसाठी चार सॉकेट आहेत. एक बेसिकला गेला, एक डीएफएसला. उरले दोन. त्यात वर्डवाइज एक घेईल. एकॉर्नसॉफ्टचा लोगो, म्हणजे मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा, मुलीसाठी हवा म्हणाल तर तो एकटाच दोन चिप्सचा आहे, म्हणजे वर्डवाइज बाहेर. आठ-दहा रॉमचा संच घेऊन तुम्ही दर वेळी झाकण उघडून चिप्स काढ-घाल करणार, आणि चाळीस वर्षं जुन्या सॉकेटमध्ये एखाद दिवशी पिन वाकणार. त्यापेक्षा सॉकेटमध्ये बसणारा साइडवेज रॅमचा, म्हणजे रॉमच्या जागी बसणाऱ्या रॅमचा, बोर्ड घ्या. डिस्कवरून रॉमची प्रतिमा त्यात चढवायची आणि काम करायचं. उद्या व्ह्यू, परवा लोगो. बॅटरी नसलेल्या बोर्डावर वीज गेली की ते पुसलं जातं, पण पुन्हा चढवायला फार वेळ लागत नाही. एक लक्षात ठेवा, सर्वांत उजवीकडच्या सॉकेटचा मान पहिला. तिथे वर्ड प्रोसेसर बसवलात तर यंत्र चालू होताना बेसिकऐवजी तोच उघडतो. घाबरू नका, ‘स्टार बेसिक’ म्हटलं की बेसिक परत येतं.

साठवणीसाठी दोन चांगले मार्ग आहेत. एक, फ्लॉपीच्या केबलवर बसणारा गोटेक, ज्यात पेनड्राइव्हवरच्या फाइली यंत्राला फ्लॉप्या वाटतात. दुसरा, युजर पोर्टवर लागणारं एसडी कार्डाचं अडॅप्टर आणि त्याबरोबरची एमएमएफएस ही रॉम. मला दुसरा जास्त आवडतो. एका कार्डावरच्या एका फाइलमध्ये ५११ डिस्क मावतात, ‘स्टार डीकॅट’नं यादी दिसते, ‘स्टार डीआयएन’नं हवी ती डिस्क आत. आणि साइडवेज रॅम असेल तर एमएमएफएसची अशी आवृत्ती आहे की पेज पुन्हा ई००वर येतं, म्हणजे डिस्कसाठी गेलेली जागा परत मिळते. टेपसाठी लिहिलेले गेम डिस्कवरून चालवताना जी रडारड होते, ती बरीचशी या जागेपायी असते.

काहीही यंत्रावर चढवण्याआधी ते एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवून बघा. मॅट गॉडबोल्ट यांचा जेएसबीब ब्राउझरमध्येच चालतो, काही बसवावं लागत नाही. त्यात मॉडेल बी आणि डीएफएस निवडा, मास्टर नको. मास्टर हे १९८६चं १२८ किलोबाइटचं यंत्र. त्यावर पळालेला प्रोग्रॅम तुमच्या बीवर पळेलच असं नाही. उलटही घडतं.

मुलीसाठी. सगळ्यात उपयोगी सॉफ्टवेअर तुम्ही विकत घेऊन बसलाच आहात: बीबीसी बेसिक. सोफी विल्सन यांनी लिहिलेलं हे बेसिक त्या काळच्या घरगुती यंत्रांत सरस होतं. प्रोसीजर आहेत, रिपीट-अनटिल आहे, आणि थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहायला आतच असेंब्लर आहे. यंत्र चालू केल्यापासून पहिली ओळ लिहीपर्यंत दोन सेकंदही जात नाहीत, मुलांना हे फार भावतं. पहिल्या दिवशी तिला हे चार ओळींचं द्या: १० मोड ४, २० रिपीट, ३० ड्रॉ आरएनडी(१२७९),आरएनडी(१०२३), ४० अनटिल फॉल्स. आज्ञा इंग्रजी कॅपिटल अक्षरांतच टाइप करायच्या, नाहीतर यंत्र ‘मिस्टेक’ म्हणतं. पडदा रेघांनी भरत जाईल, आणि ती एस्केप दाबून ‘मोड ४’चं ‘मोड ५’ करून बघेल. मोड बदलला तरी पडदा १२८० गुणिले १०२४ असाच मोजायचा असतो, त्यामुळे प्रोग्रॅम मोडत नाही, रेघा फक्त जाड होतात. चार-सहा संध्याकाळी असं चालू द्या. मग लोगो.

खेळांमध्ये तिच्या वयाला ‘ग्रॅनीज गार्डन’ दाखवा, १९८३चा, माइक मॅटसन यांचा, ब्रिटनच्या प्राथमिक शाळांत एक पिढी त्या चेटकिणीला घाबरून वाढली. दोन-तीन बैठकांत संपतो आणि वाचून विचार करावा लागतो. त्यानंतर ‘रेप्टन ३’. त्यात पडदे बनवायचा एडिटर सोबतच येतो. दुसऱ्याचे पडदे सोडवण्यापेक्षा स्वतःचा पडदा बनवून आईबाबांना अडकवण्यात मुलांना जास्त मजा येते, आणि त्या नादात नियोजन आपोआप शिकून होतं.

तुमच्यासाठी ‘एलीट’, दुसरा नाही घेतला तरी चालेल. डेव्हिड ब्रॅबेन आणि इयन बेल यांनी १९८४ साली ३२ किलोबाइटच्या यंत्रात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले, तेही ग्रहांची यादी न साठवता, सूत्रानं ती तिथल्या तिथे तयार करून. पडद्याचा वरचा भाग मोड ४ आणि खालचा मोड ५ ठेवलेला आहे. चित्र रंगवत असताना अर्ध्यावर मोड बदलतात. वरचा जागेचा हिशेब समजल्यावर हे बघाल तेव्हा त्यातली चलाखी कळेल. डिस्कची आवृत्ती घ्या, टेपच्या आवृत्तीत जहाजांचे प्रकार कमी आहेत. पुढे साइडवेज रॅम बसवलीत तर १९८८चा ‘एक्झाइल’ही बघा; जास्तीची रॅम सापडली की तो मोठा पडदा वापरतो.

मराठीचं विचारलंत ते मला सर्वांत आवडलं. तयार मराठी वर्ड प्रोसेसर शोधत बसू नका. व्हीडीयू २३ ही आज्ञा घ्या आणि स्वतः अक्षरं घडवा. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं. २२४ ते २५५ हे बत्तीस आकडे तुमच्यासाठी मोकळे आहेत. हे टाइप करा: व्हीडीयू २३,२४०,२५५,६,६,१२६,१०२,६,६,०. मग ‘प्रिंट सीएचआर डॉलर(२४०)’. पडद्यावर ‘न’ येईल. २५५ म्हणजे पूर्ण भरलेली वरची ओळ, तीच शिरोरेखा. एकापुढे एक अक्षरं छापली की शिरोरेखा आपोआप सलग होते, कारण दोन घरांमध्ये फट नसते. ६ म्हणजे उजवीकडचा दोन ठिपक्यांचा दंड, १२६ आणि १०२ मिळून डावीकडची गाठ.

अडचण पुढे आहे. शिरोरेखा पहिल्याच ओळीत गेली, आता वेलांटी आणि मात्रा कुठे काढणार? उकाराला तळाशी जागा नाही. उपाय एकच, अक्षराची उंची दोन घरांची करायची: वरच्या घरात मात्रा, वेलांटी, अनुस्वार, खालच्या घरात अक्षर. उकाराला तिसरं घर, किंवा अक्षर जरा बुटकं. मग बत्तीस आकडे पुरत नाहीत. ‘स्टार एफएक्स २०,६’ केलं की जवळजवळ सगळेच आकडे वापरता येतात, त्या बदल्यात पेज आणखी दीड किलोबाइट वर सरकवावं लागतं. आणि हे सगळं मोड ७ मध्ये चालतच नाही, कारण तिथली अक्षरं टेलिटेक्स्टच्या वेगळ्या चिपमध्ये कोरलेली आहेत. मोड ४ घ्या. मुलीला चौकटीच्या वहीत ‘अ’ आखायला बसवा आणि प्रत्येक ओळीचे १२८, ६४, ३२, १६ असे आकडे बेरीज करायला लावा. द्विमान पद्धत शिकवायला मला याहून बरा धडा माहीत नाही. तसा या यंत्राचा भारताशी संबंध जुना आहे: १९८४च्या सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात शाळाशाळांतून बीबीसी मायक्रोच पोहोचले होते. तुमच्या वयाच्या एखाद्या नातेवाइकाला विचारून बघा, लाल फंक्शन कीज त्यांच्या लक्षात असतील.

काय टाळावं तेही सांगतो. स्प्रेडशीट आणि डेटाबेसच्या रॉम चांगल्या आहेत, पण त्यातून आज तुम्ही काही करणार नाही. झेड८० सेकंड प्रोसेसर (बाहेरून जोडायचा जादा प्रोसेसर) आणि त्याबरोबरची सीपीएम ही ऑपरेटिंग सिस्टिम दिसली की हात शिवशिवतात. ते संग्राहकांचं प्रकरण आहे, महाग पडतं. जुन्या कॅसेटचे गठ्ठे नकोत, १२०० बॉडच्या टेपवर मिनिटंच्या मिनिटं घालवून शेवटी ‘डेटा?’ असा निरोप वाचण्यात मजा पहिल्यांदाच वाटते.

राहिला मास्तरांचा फ्लॉप्यांचा डबा, आणि माझ्या मते तुम्ही घेतलेली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. छापील लेबलांच्या डिस्क बाजूला ठेवा. त्यांतलं बहुतेक सगळं जपलं गेलेलं आहे. हातानं लिहिलेल्या डिस्क आधी घ्या. चौथीच्या वर्गासाठी गणिताचा सराव, शब्दकोडी, गॅदरिंगचं वेळापत्रक असं काहीबाही असेल, आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठे नसेल. वाचण्यापूर्वी कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा, सव्वापाच इंचीमध्ये खाच झाकली की लिहिणं बंद होतं. पृष्ठभागावर बुरशीचे ठिपके दिसले तर ती डिस्क ड्राइव्हमध्ये घालूच नका, हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या डिस्कही ओरखडतात. डिस्क वाचताना ‘फॉल्ट १८’ असा निरोप आला तर डिस्क मेली असं लगेच समजू नका. बऱ्याचदा डिस्क चाळीस ट्रॅकची असते आणि ड्राइव्ह ऐंशीची. ड्राइव्हवर ४०/८० असं बटण आहे का बघा, ते फिरवून पुन्हा ‘स्टार कॅट’ करून डिस्कवरची यादी मागवा. वाचलेली प्रत्येक डिस्क कार्डावर उतरवा, आणि मास्तरांना एक प्रत पाठवा.